वामनरावांच्या रांगेतली बैलजोडी

हंसाबाईंची आणि ही हकीकत लिहिणाऱ्याची ओळख एका धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावर, झाली. धुऱ्याच्या अलीकडे वामनरावांचे ओलिताचे शेत होते व तेथे लिहिणारा सालाने कामाला होता. पलीकडे त्याच वामनरावांचे आठ एकर कोरडवाहू शेत होते, आणि ते हंसाबाई व त्यांचे पती धावजी बटईने करीत होते. लिहिणाऱ्याचे नाव गोविंदा. गावच्या साक्षरता वर्गाच्या मास्तरांनी असे शिकविले की, दुसऱ्याची हकीकत सांगताना 'मी, मी' करू नये. आपणही तिच्यात असलो तर सरळ आपले नाव लिहावे. म्हणून यापुढे गोविंदा असेच लिहिले आहे. त्याच्या वागणुकीला कोणास नावे ठेवावयाची असल्यास त्यामुळे तेही सोपे जाईल.

हंसाबाई मूळच्या आमच्या जांभुळदऱ्याच्या नव्हत्या. त्या बंजारा समाजाच्या, डोंगराआडच्या तांड्यातल्या. त्यांच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून सारा मुलूख पायाखाली घातला होता. पुढे आगगाडी आली, सडका झाल्या, तो धंदा बसला, आणि ही माणसे शेतीला लागली. पण बैलांची माया त्यांच्या घरांतून गेली नाही. हंसाबाईंच्या लग्नानंतर काही वर्षांनी त्यांचे भाऊ रूपसिंग यांनी बहिणीला दोन वासरे दिली. एकाचे नाव हिरा, कारण त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. दुसरा रेशमाच्या कोशाच्या रंगाचा, म्हणून कोशा. धावजी आणि हंसाबाई ती वासरे घेऊन जांभुळदऱ्यास आले आणि वामनरावांचे शेत धरले. बोली तोंडी झाली. जमीन मालकाची, बैल, बियाणे व मेहनत धावजींची, पीक अर्धे अर्धे. कागद झाला नाही. त्या काळी कागद मागणे म्हणजे समोरच्याला चोर म्हणण्यासारखे होते.

पहिली भेट झाली ती भांडणाने. गोविंदा वखर हाकीत होता व त्याचे दोन तास, म्हणजे वखराच्या दोन ओळी, धुऱ्यापलीकडे गेले. हंसाबाई तूर खुरपीत होत्या. त्या उठून आल्या. हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, अंगावर आरशांचा घागरा, आणि आवाज असा की दोन शेतांपलीकडचे माणूसही मागे वळून पाही.

"भाऊ, हा धुरा कोन्या गावाले चालला?"

"अवो बाई, धुरा कायले चालते?"

"मंग माह्या तुरीत कसा आला? पाय फुटले काय त्याले?"

गोविंदाने मुकाट्याने वखर मागे घेतला. हंसाबाईंनी तेवढ्यावरच विषय संपविला, लोटीभर पाणी आणून दिले आणि म्हणाल्या, "पी. धुरा दमला असंन, तूही दमला असशीन." त्या दिवसापासून त्या गोविंदाला भिया म्हणू लागल्या. तांड्याच्या बोलीत भावाला भिया म्हणतात.

माणसांशी हंसाबाई बेताचेच बोलत. बैलांशी मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलणे चाले. आज कोणते तास, उद्या कोणते, कोण पाहुणा येणार, कोणाचे लग्न ठरले, हे सगळे त्या हिऱ्याला आणि कोशाला आपल्या बोलीत सांगत. गोविंदाची बायको मैनाबाई एकदा म्हणाली, "अवो, त्याईले काय समजते?" हंसाबाई म्हणाल्या, "समजत नाही त मधात बोलत तरी नाही."

सन १९५७ च्या हिवाळ्यात धावजींना ताप आला आणि छाती भरली. नवव्या दिवशी ते गेले. मूलबाळ नव्हते. दहाव्याला वामनराव स्वतः झोपडीपर्यंत आले, बाजेवर बसले आणि सर्वांसमक्ष म्हणाले, "बाई, शेत तूच कर. कोनी काई म्हनंन त माहं नाव सांगजो." हंसाबाईंनी त्यांच्या पायांवर डोके ठेवले. गोविंदा तेथे उभा होता. त्याला त्या वेळी मालकाचा अभिमान वाटला, हे लिहिणे भाग आहे.

त्या वर्षी हंसाबाईंनी स्वतः वखर धरला. आमच्या गावात बाईने वखर धरण्याची रीत नव्हती. कोणी म्हणाले, आता पाऊस येत नाही. मैनाबाईने तोंडावरच विचारले, "बाई, वखर कायले धरतं? आभाय कोपंन नं."

"मंग तुह्या नवऱ्याले पाठव माह्या वावरात. मी तुह्या चुलीपाशी बसते."

पाऊस त्या साली वेळेवर आला. त्याचे श्रेय मात्र हंसाबाईंना कोणी दिले नाही.

आता ज्या गोष्टीवरून पुढचे सारे घडले ती सांगितली पाहिजे. आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी गावाच्या वेशीवर आंब्याच्या पानांचे तोरण बांधतात. ज्याचे त्याचे बैल सजवून ज्याच्या त्याच्या रांगेत त्याखाली उभे करतात. धावजी होते तोवर त्यांची जोडी रांगांच्या अगदी शेवटी, पण त्यांच्या स्वतःच्या जागी उभी राहत असे. बैल धरणे हे पुरुषाचे काम. बाई तोरणाखाली जात नाही. धावजी गेल्यावर पहिल्या पोळ्याला सुतकाच्या वर्षाचे म्हणून बैल गोठ्यातच राहिले. दुसरा पोळा १९५९ चा. त्याच्या आठ दिवस आधी वामनराव धुऱ्यावर आले.

"हंसाबाई, औंदा बैलाईचं काय करतं?"

"काय करू मालक? धरनारं मानूस नाही. घरीच पूजा करीन."

"दोन वर्सं झाले. बैलाईनंही काय सुतक धरलं? माह्या रांगेत उभे कर. हा गोविंदा धरंन. माही झूल घाल, शिंगाईले माहाच रंग लाव. गावाले दिसू दे, धावजीचे बैल उघडे पडले नाहीत म्हून."

हंसाबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्या संध्याकाळी त्या मैनाबाईला म्हणाल्या, "मालक देवमानूस हाय."

कुळांच्या हक्काचा नवा कायदा त्याआधी सात-आठ महिने निघालेला होता. गावात वर्तमानपत्र फक्त वामनरावांकडे येई. त्या दिवशी धुऱ्यावर येताना त्यांच्या मनात तो कायदा होता की खरोखरच दया होती, हे गोविंदाला माहीत नाही. जे माहीत नाही ते लिहू नये.

पोळ्याच्या दिवशी गोविंदाने हिऱ्याला व कोशाला नाल्यावर धुतले. वामनरावांची लाल झूल घातली. शिंगांना हिंगूळ लावला. मालकाच्या तीन जोड्यांशेजारी ही चौथी जोडी अशी शोभली की परक्याला वाटावे, चारही एकाच गोठ्यातल्या. तोरण तुटले, ढोल वाजले, सगळे बैल घरांकडे निघाले. हिरा आणि कोशा मात्र जागचे हलेनात. गोविंदाने दोर ओढला, पाठीवर थाप मारली, ओरडला. लोक हसू लागले.

"गोविंदा, पाय पड त्याईच्या!"

"बैल नाहीत बे, सोयरे हायेत. मानपान पाह्यजे त्याईले!"

मग बायकांच्या घोळक्यातून, लिंबाच्या झाडाखालून, एक आवाज आला. "चाल रं मार हिरा, चाल." माझ्या हिऱ्या, चल, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही बैलांचे कान एकदम उभे राहिले आणि ते असे निघाले की गोविंदा दोराबरोबर फरफटला. त्या बैलांना मराठी समजत नव्हते. ते कोणाचे आहेत याची याहून मोठी खूण कोणती असणार? ती खूण गोविंदाच्या तळहातांवर दोराच्या वळांनी चार दिवस उमटलेली होती.

वामनरावांच्या दारात मालकिणीने बैलांचे पाय धुतले, त्यांना पुरणपोळी चारली. त्यानंतर बोजारा देण्याची वेळ आली. जो गडी बैल घेऊन येतो त्याला मालक त्या दिवशी जे देतो त्याला बोजारा म्हणतात. गोविंदाला मिळाला. मग वामनरावांनी हंसाबाईंना पुढे बोलाविले. हातात एक नारळ आणि मांजरपाटाचे कापड.

"घे बाई. धावजी नाही, त धावजीच्या जागी तू."

धावजींनी कधी बोजारा घेतला नव्हता. ते गडी नव्हते. स्वतःच्या बैलांचे धनी होते. हंसाबाईंचा हात क्षणभर थांबला, तो गोविंदाने पाहिला. पण सण होता, दुसऱ्याचे दार होते, अर्धे गाव उभे होते, आणि बैलांच्या तोंडाला त्या घरची पुरणपोळी लागली होती. त्यांनी पदर पसरून बोजारा घेतला. घरी जाऊन कापड तसेच घडीचे पेटीत ठेवले. त्याला सुई लावली नाही.

दुसऱ्या वर्षीही सर्व तसेच झाले. शिवाय वामनराव म्हणाले की, एकट्या बाईच्या खळ्यावर चोरी होईल, म्हणून सारा माल माझ्या अंगणात आणावा व तेथून तुझा अर्धा न्यावा. हंसाबाईंना तेही बरे वाटले. पूर्वी वाटणी खळ्यावर, चार माणसांदेखत होई. आता त्या मालकाच्या दारातून डोक्यावर पोते घेऊन निघत, आणि पाहणाऱ्याला ते मजुरीच्या धान्यासारखे दिसे.

१९६१ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर गावात दवंडी पिटली गेली. कसणारी कुळे आता शेताची मालक होणार, ज्याने त्याने आपले नाव तपासून घ्यावे, असे कोतवाल ओरडून गेला. हंसाबाई खुरपे तेथेच टाकून चावडीवर गेल्या. गोविंदा मालकाकडची कडब्याची पेंडी घेऊन तिकडेच गेला होता, म्हणून त्याने ऐकले.

"पटवारीसाहेब, माहं नाव पाहा. मी कूळ हाय."

पटवाऱ्यांनी पेरेपत्रक उघडले. शेत कोण कसतो त्या रकान्यावर बोट ठेवले. "इथं 'खुद्द' लिहिलं आहे."

"खुद म्हंजे?"

"म्हणजे मालक स्वतः कसतो."

"मालकानं त वखर हातात नाही धरला आठ वर्सात."

"बाई, मला सांगून काय उपयोग? अर्ज करा."

हंसाबाई त्या रकान्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हते. गोविंदालाही येत नव्हते. तिघांपैकी एकालाच दिसत होते की तेथे काय आहे, आणि त्याला घाई होती.

अर्ज झाला. राजूरच्या कोळशाच्या खाणीत कामाला असलेले रूपसिंग रजा काढून आले आणि बहिणीला तालुक्याच्या गावी घेऊन गेले. तेथे अर्ज लिहून देणाऱ्याने सांगितले की कायदा हंसाबाईंच्या बाजूचा आहे. जो दुसऱ्याचे शेत बटईने कसतो तो कूळ. कागद नसला तरी कूळ. नवरा मेला तर बायको कूळ. फक्त मजुरीवर ठेवलेला गडी मात्र कूळ होत नाही. हंसाबाई परत आल्या त्या दिवशी धुऱ्यावर उभ्या राहून हसल्या. पुष्कळ दिवसांनी. "भिया, कायदा म्हंते वावर माहं हाय. मी गडी थोडीच हावो!"

त्यानंतर वामनरावांची दया संपली. बैलगाडीच्या वाटेवर बोरीच्या काट्यांचे ढीग पडले. ते टाकण्याचे काम गोविंदाने केले, कारण त्याला सांगितले होते. मालकाच्या विहिरीच्या फाटकाला कुलूप लागले. हंसाबाई दोन्ही वेळा बैल घेऊन नाल्यापर्यंत अर्धा कोस जाऊ लागल्या. त्या वर्षी पोळ्याला त्यांचे बैल कुणाच्याच रांगेत उभे राहिले नाहीत. गोठ्यातच त्यांना ओवाळले.

माघात तारीख लागली. आदल्या दिवशी वामनरावांनी गोविंदाला अंगणात बोलाविले.

"उद्या साक्षीले याचं हाय."

गोविंदा चाचरला. "मालक, मले खोटं नाही बोलता येत जी."

"कोन म्हंते खोटं बोल? जे डोयानं पाह्यलं तेच सांगजो. एक अक्षर खोटं बोलला त मलेच चालनार नाही."

गोविंदाच्या छातीवरचा धोंडा उतरला. घरी येऊन त्याने मैनाबाईला हे सांगितले. ती भाकरी थापीत होती. तिने हात न थांबविता म्हटले, "खरंच सांगाचं असंन त मालकाले साक्षीदार कायले पाह्यजे?"

"म्हंजे?"

"म्हंजे काई नाही. जेव." मग थोड्या वेळाने, "आपली झोपडी कोनाच्या जाग्यावर हाय, थे त मले ठाऊक हाय."

तालुक्याच्या कचेरीसमोर एक मोठे लिंबाचे झाड होते. गोविंदा मालकाच्या दमणीतून, बसावयाच्या हलक्या बैलगाडीतून, उतरला तेव्हा त्या झाडाखाली हिरा आणि कोशा बांधलेले होते. हंसाबाई सहा कोस त्यांना चालवीत घेऊन आल्या होत्या. शिंगे कोरी होती, अंगावर झूल नव्हती. शेजारी रूपसिंग उभे होते आणि हंसाबाईंच्या काखेत एक गाठोडे होते.

अर्ज चालविणारे साहेब तरुण होते व सर्वांशी सभ्यपणे बोलत होते. त्यांनी गोविंदाला शपथ दिली आणि विचारले, "पोळ्याला ही बैलजोडी कोणाच्या रांगेत उभी होती?"

"मालकाच्या जी."

"दोन्ही वर्षी?"

"हाव जी. दोन्ही वर्सं."

"झूल कोणाची? रंग कोणाचा?"

"मालकाचा."

"बैल कोणी धरले?"

"म्या धरले."

"या बाईने वामनरावांच्या दारात बोजारा घेतला?"

"घेतला जी."

"शेतातला माल कोठे जमा होई?"

"मालकाच्या आंगनात."

प्रत्येक उत्तर खरे होते. लेखनिक लिहीत होता. मग साहेबांनी मान वर केली आणि अगदी शांतपणे विचारले, "आणखी काही सांगायचे आहे?"

हा प्रश्न गोविंदाला विचारला गेला होता, हे येथे नीट लिहून ठेवले पाहिजे. कोणी त्याचे तोंड धरले नव्हते. त्याला सांगावयाचे होते की ते बैल रूपसिंगांनी दिले, हंसाबाईंनी वाढविले, त्या बैलांना माझी हाक कळत नाही, आणि वखर आठ वर्षे त्याच घरच्या माणसांनी धरला. ते सर्व त्याच्या जिभेवर आले. त्याने वामनरावांकडे पाहिले. वामनराव खिडकीबाहेर पाहत होते.

"नाही जी," गोविंदा म्हणाला. त्याचा अंगठा घेतला गेला.

मग हंसाबाईंना बोलाविले.

"बाई, तुम्ही बोजारा घेतला हे खरे का?"

"खरं हाय साहेब. पन म्या वापरला नाही. हे पाहा." त्यांनी गाठोडे सोडले आणि टेबलावर दोन मांजरपाटाची कापडे ठेवली. घडी मोडलेली नव्हती. "मालकाले वापस कराले आनले. मी गडी नाही म्हून वापस करते."

साहेबांनी लेखनिकाला सांगितले, "दोन्ही वर्षी बोजारा मिळाल्याचे अर्जदार कबूल करते, असे लिहा."

हंसाबाईंना वाटले, लिहिले म्हणजे आपले म्हणणे मान्य झाले. त्यांच्या चेहऱ्यावर धीर आला. "साहेब, अजून एक. पाच मिंट बाहेर येता काय? बैलं आनले हायेत. मालकानं हाक माराव, गोविंदानं माराव, अन् मी मारते. ज्याच्या हाकेले येतीन त्याचे."

कचेरीत हसू फुटले. एक शिपाई म्हणाला, "बैलाईले शपथ कोन देईन वो बाई?" साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "बाई, बैलांची साक्ष कायद्यात नाही. माणसांची आहे. ती झाली."

रूपसिंगांनीही आपली साक्ष दिली. पण ते राजुरास राहतात, शेत कोण कसते ते त्यांनी रोज पाहिलेले नाही, आणि ते अर्जदाराचे भाऊ आहेत, असे वामनरावांच्या वकिलाने एकामागून एक दाखवून दिले. रोज पाहिलेला माणूस गोविंदा होता.

फाल्गुनात निकाल आला. हंसाबाई या कूळ नसून मजूर होत्या असे त्यात ठरले. निकालाची नक्कल त्यांना मिळाली. ती त्यांनी घडी करून पत्र्याच्या डब्यात ठेवली. गावात ती वाचू शकणारी दोनच माणसे होती, एक वामनराव आणि दुसरे पटवारी. तेव्हा ती वाचावयास कोणाकडे नेणार?

चार दिवसांनी वामनराव गोविंदाला म्हणाले, "कचेरीनं लेहून देलं. बाई गडी, म्हंजे बैल माहे. जाय, घेऊन ये."

येथे थोडे पुढचे सांगतो, कारण नंतर ते सांगवणार नाही. त्या पाडव्याला गोविंदाचे साल संपले. त्याने पुन्हा तेथे साल धरले नाही. झोपडी मोडून तो व मैनाबाई गावाच्या दुसऱ्या अंगाला राहावयास गेली. नव्या गड्याला त्याने बैलांविषयी जे सांगावयाचे ते सांगितले, तो हसला. कोशाने वैरण टाकून दिली, म्हणून पावसाळ्यापूर्वी वामनरावांनी जोडी बाजारात विकली. कोणी घेतली ते कळले नाही. हंसाबाई राजुरास भावाजवळ गेल्या व खाणीच्या तोंडाशी कोळसा निवडण्याचे काम करू लागल्या. चार वर्षांनी त्या तेथेच वारल्या. गोविंदा तोवर साक्षरता वर्गात बसू लागला होता. तो अक्षर लावून वाचू लागला तेव्हा पन्नाशी उलटून बरीच वर्षे झाली होती. तो राजुरास भेटीला गेला असता रूपसिंगांनी तो पत्र्याचा डबा त्याच्यापुढे ठेवला. "वाच भाऊ. बहीन म्हने, कवातरी कोनी वाचून दाखवंन."

गोविंदाने एका दुपारी, बोट ठेवून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. त्यात त्याची साक्ष होती व ती जशी दिली तशीच होती. शेताविषयी निकाल होता. अपील करता येईल असे लिहिले होते, आणि किती दिवसांत तेही लिहिले होते. हंसाबाई गाव सोडून गेल्या तेव्हा त्यातले निम्मे दिवसही सरलेले नव्हते. बैल मालकाला द्यावेत असे मात्र त्यात कोठेही नव्हते. बैलांविषयीचा हुकूम शोधण्यासाठी त्याने ती नक्कल तीनदा वाचली.

म्हणजे त्या सकाळी गोविंदा हंसाबाईंच्या गोठ्यात गेला तो कोणत्याही हुकुमाने गेला नव्हता. एका माणसाने सांगितले म्हणून गेला, आणि दुसऱ्या माणसाला वाचता येत नव्हते म्हणून त्याला कोणी अडविले नाही.

हंसाबाईंनी सामान बांधून ठेवले होते. थोडी भांडी, एक घोंगडी, तो डबा. झोपडीची ताटी काढून भिंतीला टेकविलेली होती. त्यांनी गोविंदाच्या हातातले दोर पाहिले व त्या उमजल्या.

"तुलेच पाठवलं?"

"हाव बाई."

"बरं झालं. दुसरा कोनी आला असता त यानं मारलं असतं त्याले." त्या हिऱ्याकडे पाहत बोलत होत्या.

गोविंदाने काहीतरी म्हणावे म्हणून म्हटले, "बाई, म्या खोटं नाही बोललो."

"नाही भिया. तू खोटं नाही बोलला."

त्यांनी स्वतः दोर बांधले. कोशाच्या गळ्यातली घंटा सोडली, हातात धरली, पुन्हा बांधली. हिऱ्याच्या कपाळावरच्या ठिपक्यावरून अंगठा फिरविला. मग बाजूला झाल्या. गोविंदाने दोर ओढला. बैल हलले नाहीत. त्याने पुन्हा ओढला. पोळ्याच्या दिवसासारखेच झाले, फक्त हसणारे कोणी नव्हते. तो थांबला आणि त्याने हंसाबाईंकडे पाहिले. त्यांनी एक हाक मारली असती तर बैल चालले असते, पण त्यांच्या मागे. त्याच्या मागे नाही.

तेव्हा त्या जवळ आल्या. त्यांनी हाक मारली नाही. गोविंदाच्या कानाशी, लहान मुलाला पाढा सांगावा तसे, ते शब्द दोनदा म्हणून दाखविले. त्याने म्हटले, चुकले. त्यांनी पुन्हा सांगितले. तिसऱ्या वेळी कोशाचा एक कान फिरला आणि दोन्ही बैलांनी पाऊल उचलले. हंसाबाई वीस-पंचवीस पावले सोबत आल्या, धुऱ्यापर्यंत. तेथे थांबल्या.

"भिया," त्या म्हणाल्या, "त्याईच्याशी रोज आमच्या बोलीत दोन शब्द बोलत जाजो. त्याईले दुसरी समजत नाही."